आधी मोजावे, मग बदलावे : गाडीच्या अलार्मच्या वायरिंगविषयी कोलकात्यातील अनुभवाचे बोल

बाजारातून विकत घेऊन गाडीच्या मूळ वायरिंगला जोडलेला चोरीविरोधी अलार्म बिघडला, की दोष अलार्मच्या डब्यातच आहे असे गृहीत धरून तो डबा बदलून टाकण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात मात्र हा दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो, तर तो डबा गाडीला जोडताना केलेल्या सांध्यांत, अर्थच्या जोडणीत किंवा दारांच्या आणि बॉनेटच्या स्विचांत असतो. बदलीच्या नोकरीनिमित्त कोलकात्यात येणारी अनेक मराठी कुटुंबे तेथेच जुनी गाडी घेतात, आणि आधीच्या मालकाने कधीतरी बसवून घेतलेला अलार्मही, वायरिंगचा कोणताही आराखडा हाती न येता, त्यांच्या वाट्याला येतो. भवानीपूर भागातील अशा एका गाडीच्या दुरुस्तीतून जे उमगले, त्याची येथे इतरांच्या उपयोगासाठी पद्धतशीर मांडणी केली आहे.

अलार्मची रचना समजली, तर अर्धा शोध तेथेच संपतो. डॅशबोर्डखाली दडवलेल्या नियंत्रक डब्यात साधारणपणे पाच प्रकारच्या वायरी येतात. पहिली बॅटरीकडून सतत १२ व्होल्ट आणते. दुसरी अर्थची असते, म्हणजे प्रवाहाला गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी. तिसऱ्या वायरीत फक्त चावी फिरवल्यावर विद्युत दाब येतो आणि गाडी चालू असल्याचे डब्याला तिच्यावरून कळते. चौथ्या प्रकारात दार व बॉनेट उघडल्याची खबर देणाऱ्या, तर पाचव्यात सायरन, इंडिकेटर आणि सेंट्रल लॉकिंग यांना हुकूम देणाऱ्या वायरी मोडतात. याखेरीज धक्का ओळखणारा शॉक सेन्सर आणि इंजिन सुरू होऊ न देणारा रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह तोडणारा विद्युत-स्विच, हे दोन घटक असतात. वायरींचे रंग प्रत्येक बनावटीत वेगळे असल्यामुळे आणि जोडणाऱ्याने हाताशी असेल तो तुकडा वापरलेला असण्याची शक्यता असल्यामुळे, रंगावरून काम ओळखण्याचा मोह टाळावा आणि प्रत्येक वायर मीटरने तपासूनच तिचे नाव ठरवावे.

कोलकात्याचे हवामान आणि तेथील रस्ते या जोडण्यांची कसोटी पाहतात. जूनपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत हवेत सतत दमटपणा असतो, कॉलेज स्ट्रीट, ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट यांसारख्या भागांत जोराच्या पावसानंतर पाणी साचते, आणि असे पाणी दाराच्या रबरातून गालिच्याखाली उतरले की वर सगळे कोरडे दिसूनही खाली आठवडेच्या आठवडे ओल टिकते. चैत्र-वैशाखात संध्याकाळी येणाऱ्या कालबैसाखीच्या वादळात विजांचा गडगडाट होतो, दुर्गापूजेत ढाक नावाच्या ढोलांचा व ध्वनिवर्धकांचा घनगंभीर आवाज गल्लीभर घुमतो, कालीपूजेच्या रात्री फटाके वाजतात, आणि या सर्वांचे हादरे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीच्या शॉक सेन्सरपर्यंत पोहोचतात. त्यामुळे एकच लक्षण, म्हणजे रात्री-अपरात्री ओरडणारा सायरन, दोन सर्वस्वी वेगळ्या कारणांनी उद्भवू शकते: एक कारण खरा हादरा, दुसरे वायरिंगमधील ओल. या दोहोंत फरक करणे हीच तपासाची पहिली पायरी होय.

भवानीपूरच्या त्या गाडीचे लक्षण असे होते की पावसानंतरच्या रात्री अलार्म पुन्हा पुन्हा वाजे आणि अशा चार-सहा रात्री गेल्या की सकाळी गाडी सुरू होत नसे. एका दुकानाने नियंत्रक डबा बदलला, दुसऱ्याने बॅटरी बदलली, पण पुढच्या पावसात तक्रार जशीच्या तशी परतली, कारण दोन्ही ठिकाणी वायरिंग उघडून पाहिलेच गेले नव्हते. पुढे एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनने डाव्या पुढच्या दाराजवळचे, पाय ठेवण्याच्या जागेच्या बाजूचे प्लॅस्टिकचे आवरण काढले, तेव्हा दोन दोष एकदम समोर आले. अलार्मची अर्थची वायर रंग न खरवडलेल्या पत्र्यावर एका लहान स्क्रूखाली आवळलेली होती आणि त्या स्क्रूभोवती गंजाचे कडे चढले होते. त्याच्याच शेजारी दाराच्या स्विचची वायर केवळ पीळ देऊन टेपने गुंडाळलेली होती, आणि तो टेप बोटाने ओढताच डिंकाचे चिकट धागे सोडत सुटून आला, तेव्हा आतील तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी साचलेली दिसली.

या दोन दोषांनी सर्व लक्षणांचा उलगडा होतो. दार उघडल्यावर स्विचची वायर अर्थला टेकते आणि त्यावरून डबा दार उघडल्याचे ओळखतो. हा इशारा अत्यल्प प्रवाहावर चालत असल्यामुळे ओल्या, क्षारयुक्त सांध्यातून पत्र्याकडे होणारी थोडीशी गळतीही त्याला दार उघडल्यासारखी भासते. सायरन वाजू लागला की इंडिकेटरही उघडझाप करतात. २१ वॅटचे चार दिवे पेटले म्हणजे सुमारे ७ अँपिअर प्रवाह लागतो, आणि उघडझापीमुळे त्याची सरासरी निम्मी धरून त्यात सायरनचा एक-दीड अँपिअर मिळवला, तर वाजत असताना अलार्म जवळजवळ ५ अँपिअर घेतो. रात्रीत सगळा मिळून अर्धा तास जरी तो वाजला, तरी अडीच अँपिअर-तास खर्च होतात, आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, फक्त जवळच्या फेऱ्यांमुळे पुरेशी भरत नसेल, तर अशा काही रात्रींतच थकते. अर्थ कमजोर असल्यामुळे सायरन वाजताना डब्याला मिळणारा दाब घसरत होता, डबा मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होत होता आणि त्यामुळे एकदा सुरू झालेला कल्लोळ थांबत नव्हता.

तपासाचा क्रम म्हणूनच बॅटरीपासून सुरू करावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या निरोगी, भरलेल्या बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट. हे आकडे मिळत नसतील, तर अलार्मला हात लावण्यापूर्वी बॅटरी आणि ती भरणारा अल्टरनेटर यांचा निकाल लावावा. त्यानंतर अर्थ तपासावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे अलार्मच्या अर्थच्या वायरीवर, शक्यतो डब्याच्या अगदी जवळ, ठेवून सायरन मुद्दाम वाजवावा, कारण प्रवाह वाहत नसताना खराब अर्थही चांगलाच दिसतो. दाखवलेला दाब ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असेल, तर जोडणी उघडून पत्रा उजळेपर्यंत घासावा, वायरीला गोल कडीचे (रिंग) टर्मिनल लावून ती बोल्टखाली घट्ट आवळावी आणि वरून ग्रीस लावावे.

यानंतर खबर देणाऱ्या वायरींकडे वळावे. अलार्म नुकताच कशामुळे वाजला, हे अनेक बनावटींत डॅशबोर्डवरचा लहान एलईडी दिवा ठरावीक वेळा लुकलुकून सांगतो. ती खूण माहितीपुस्तिकेत पाहावी, आणि पुस्तिका नसेल, तर एकेक इशारा वेगळा करून प्रत्येक वेळी गाडी रात्रभर पारखावी. शॉक सेन्सरचा प्लग काढल्यावर अलार्म शांत राहिला, तर त्याची संवेदनशीलता कमी करावी आणि तो लोंबत्या वायरींच्या जुडग्याला बांधलेला नाही, तर भक्कम पृष्ठभागावर घट्ट बसवलेला आहे, याची खात्री करावी. सेन्सर काढूनही ओरड थांबत नसेल, तर दार आणि बॉनेट यांचे स्विच तपासावेत. बॉनेटचा स्विच पावसाचे पाणी साचणाऱ्या पन्हळीत बसवलेला असल्यास तो गंजणारच. अलार्म लावल्यावर काही सेकंदांतच वाजत असेल, तर आतला दिवा दार बंद झाल्यावर हळूहळू मावळत असल्यामुळे डब्याला दार उघडे वाटते काय, हेही पाहावे.

बॅटरी अलार्म न वाजताही उतरत असेल, तर गाडी बंद असताना होणारी गळती मोजावी लागते. त्यासाठी ऋण टोकाची केबल सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या मापावर जोडावा, दारे बंद मानली जातील अशी व्यवस्था करावी आणि गाडीतील नियंत्रक निद्रिस्त होण्यासाठी अर्धा तास थांबावे. सर्वसाधारणपणे ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती मान्य समजतात, आणि तिने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. २०० मिलिअँपिअर गळती मात्र दिवसाला ४.८ अँपिअर-तास खाते, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत निम्मी होते. पूजेच्या सुटीत गाडी उभी ठेवून गावी जाणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब अवश्य ध्यानात घ्यावा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये, कारण स्टार्टरचा प्रवाह मीटरच्या क्षमतेच्या कितीतरी पट असतो.

इंजिन रोखणाऱ्या रिलेच्या बाबतीत निष्काळजीपणा झाला, तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. काही जोडण्यांत हा रिले प्रज्वलनाची किंवा इंधनपंपाची वायर तोडतो. अशा गाडीत सांधा सैल झाला किंवा डबा बिघडला, तर विद्यासागर सेतूवर अथवा मा उड्डाणपुलावर, मागून वेगाने वाहने येत असताना, इंजिन अचानक बंद पडू शकते, आणि त्याबरोबर ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्यही जाते. म्हणून रिले केवळ स्टार्टरच्या वायरीत असावा, म्हणजे बिघाड झालाच तर गाडी सुरू होणार नाही, पण चालती गाडी थांबणारही नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने ही एक गोष्ट तरी पहिल्याच आठवड्यात जाणकाराकडून तपासून घ्यावी.

सांधे जोडताना पीळ आणि टेप यांवर भिस्त ठेवू नये. तारांना सोल्डर करून, आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवावी, सांधा गालिच्याखाली न ठेवता उंच बांधावा आणि पत्र्यातून जाणारी वायर रबरी कड्यातूनच न्यावी. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, उत्पादकाने सांगितलेल्या मापाचा फ्यूज असावा. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. हुगळी जिल्ह्यातील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या आणि २०१४ साली उत्पादन थांबलेल्या अँबेसेडरसारख्या गाड्यांचे साधे वायरिंग डोळ्यांनी शोधता येई. आजच्या गाडीत मात्र एकमेकींना पीळ घातलेल्या वायरींच्या जोडीतून नियंत्रकांचा परस्पर संवाद चालतो, आणि पिवळ्या आवरणातील वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. या दोहोंना बल्बचा टेस्टर लावू नये, त्यांतून जोडणी घेऊ नये आणि शंका असल्यास हात लावू नये.

खोटा वाजणारा अलार्म मालकाच्या बॅटरीइतकाच शेजाऱ्यांच्या झोपेचाही प्रश्न आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रुग्णाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खिडकीखाली वाजणाऱ्या सायरनचा त्रास समजण्यासाठी कायद्याचे कलम वाचावे लागत नाही. शिवाय रोज ओरडणाऱ्या गाडीकडे खऱ्या चोरीच्या वेळीही कोणी पाहत नाही, म्हणजे ज्यासाठी अलार्म बसवला तो हेतूच विफल होतो. दोष सापडेपर्यंत माहितीपुस्तिकेतील रीतीने सायरन बंद ठेवावा. नवा अलार्म घ्यायचाच असेल, तर पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेले उपकरण निवडावे. अशा उपकरणासाठी २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, सवलतीची तरतूद होती.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर कोणती वायर कोठे जोडली, फ्यूज कोठे आहे, रिले कोणती वायर तोडतो आणि मोजणीत कोणते आकडे मिळाले, हे एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा आणि गाडी विकताना नव्या मालकाच्या हाती द्यावा. भवानीपुरातील त्या गाडीला नवा डबा किंवा नवी बॅटरी यांची गरजच नव्हती. असा एक कागद आधीच्या मालकाकडून मिळाला असता, तर तो खर्च आणि शेजाऱ्यांचे जागरण दोन्ही टळले असते.