विमान पडल्यावरचा पहिला प्रश्न

पालकहो,

भाताची झोडणी उरकली की आपल्या आटगावची खाचरं मोकळी होतात. थंडीतल्या सकाळी वारा पडलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं. रिमोटवरचं फोमचं विमान उडवायला अशी जागा मुंबईतल्या मुलांना शोधूनही मिळत नाही. तुमच्यापैकी काहींच्या मुलांनी हा नाद धरलाय आणि शाळेच्या फाटकापाशी तुम्ही मला विचारता, "सर, करू द्यावं का? अभ्यासाचं काय? पैशांचं काय?" आज त्यावरच मोकळेपणाने बोलू या.

हे विमान दुकानातून आणून उडवायचं खेळणं नव्हे. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या हलक्या फोमच्या शीटमधून पंख, धड आणि शेपूट कापायची. पंखाला ताठपणा यावा म्हणून कार्बनची काडी बसवतात. ती नसली तर आपल्याकडच्या बांबूची नीट तासलेली कामटी चालते. पुढे मोटर आणि पंखा, आत बॅटरी, स्पीड कंट्रोलर, रिसीव्हर आणि पंख-शेपटीचे झडपे हलवणाऱ्या छोट्या सर्वो मोटरी. सगळं मिळून वजन अर्ध्या किलोच्या आत राहायला हवं. घाईत झटपट चिकटणारा गोंद लावला की थर्मोकोलसारख्या फोमला डोळ्यांदेखत खड्डा पडतो. मुलाला हे आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघू द्या. गोंदाच्या पाकिटावरच्या सूचना त्यानंतर ते आपणहून वाचेल.

मग तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांच्या टोकांवर विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची आणि पुन्हा उचलून बघायचं. पुस्तकातला गुरुत्वमध्य मुलाला तिथे बोटांवर जाणवतो.

तरीही हे विमान पडतं. शिकाऊ विमान हात सोडला की बरंचसं आपोआप सरळ होतं. म्हणून सुरुवात त्यानेच करावी, शक्य तर त्याआधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर. कसरतीचं विमान मुद्दामच तसं बनवलेलं नसतं. त्याचा पंख वरून आणि खालून सारखाच, त्यामुळे ते सुलटं उडतं तसंच उलटंही उडतं. मोटरचा ओढा वजनाहून जास्त असतो, म्हणून नाक आभाळाकडे करून ते हवेत जागच्या जागी उभंही राहतं. मात्र ज्या स्थितीत ठेवाल त्याच स्थितीत राहतं. सावरायचं काम सगळं उडवणाऱ्याचं. ते आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा जो पंख खाली झुकलाय त्या बाजूला रिमोटवरची दांडी न्यायची, की तो वर येतो. हे हाताला कळेपर्यंत विमान बांधावर आपटणारच.

मला तुमच्याशी बोलायचंय ते त्या आपटण्याबद्दल.

एका रविवारी खाचरात एका मुलाने विमान उलटं केलं, जमिनीपासून फार उंचावर नव्हतं. उलट्या विमानाचं नाक वर ठेवायला दांडी पुढे ढकलावी लागते. पण घाबरलं की हात ती आपल्याकडेच ओढतो. त्यानेही ओढली आणि विमान नाकावर खाली आलं. वडील शेजारीच उभे होते. त्यांचा पहिला शब्द, "गेले ना पैसे पाण्यात!" मुलगा पटकन म्हणाला, "अचानक वारा आला." त्या सकाळी बांधावरचं गवतसुद्धा हलत नव्हतं.

थोड्या वेळाने एका मुलीचं विमान पडलं. तिची आई म्हणाली, "पडलं होय? आण बघू. काय झालं ते सांग." मुलीने विमान मांडीवर घेतलं, पंखा काढला आणि दांडी हलवली. उजव्या पंखाचा झडपा जागचा हललाच नाही. सर्वोपासून झडप्याकडे जाणारी तार निसटली होती. "सकाळीच ढिली वाटत होती, आई. मी तसंच उडवलं," असं तिने स्वतःहून सांगितलं.

दोन्ही मुलं तितकीच हुशार, तितकीच प्रामाणिक. फरक पडला तो पहिल्या प्रश्नाने. पैशांचा हिशेब आधी विचारला की मूल स्वतःचा बचाव करतं. काय झालं असं विचारलं की ते कारण शोधतं. हीच सवय पुढे गणिताच्या पेपरात, सायकलच्या अपघातात, मोबाइलवरच्या फसवणुकीत उपयोगी पडते. घरी खरं सांगता येईल की नाही, हे मूल अशाच छोट्या प्रसंगांतून ठरवत असतं.

मोठ्या विमानांच्या जगाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. 1944 च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. त्या कराराच्या 13 व्या परिशिष्टात अपघाताच्या चौकशीचा एकच हेतू सांगितला आहे: पुढचा अपघात टाळणं. दोष कोणाच्या माथी मारायचा, हे त्या चौकशीचं काम नाही. शिक्षेच्या भीतीने माणसं बोलेनाशी झाली तर खरं कारण कधीच हाती लागत नाही. आपल्या घरात तरी वेगळं काय होणार?

म्हणून एक वही करा. प्रत्येक पडझडीनंतर मुलाने तीन ओळी लिहायच्या: काय दिसलं, काय तुटलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. दुरुस्ती त्यालाच करू द्या. फोम सांधता येतो, हीच या विमानाची मोठी सोय आहे.

पण एक भेद पक्का ठेवा. विमान पडलं म्हणून रागवू नका. सुरक्षेचा नियम मोडला तर मात्र त्या दिवसाचं उडवणं तिथेच थांबवा. घरात मोटर तपासताना पंखा काढलेलाच हवा. आधी रिमोट चालू, मग बॅटरी जोडायची; बंद करताना उलट क्रम. लिथियम-पॉलिमर बॅटरी रात्री झोपताना चार्जिंगला लावायची नाही. मोठं माणूस समोर असतानाच, फरशीवर. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. विमान जोरात आपटलं तर बॅटरी काढून उघड्या मातीवर बाजूला ठेवा, कारण पेट नंतरही घेऊ शकते, आणि आपल्याकडे थंडीत गवत वाळलेलं असतं. रेल्वेमार्गाच्या आसपास उडवायचंच नाही. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. विमान विजेच्या तारेत अडकलं तर ते गेलं असं समजा. तानसा अभयारण्य आणि धरणाची बाजूही वर्ज्य. ड्रोन नियम, 2021 वाचून घ्या, सरकारी डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा तपासा आणि विमान कधी नजरेआड जाऊ देऊ नका.

आता पैसे. सगळ्या सामानात रिमोट बहुधा महाग, पण तो पुढच्या विमानांनाही चालतो. मोटर आणि सर्वोही बऱ्याचदा पडझडीतून वाचतात. तीन-चार घरांनी मिळून एक रिमोट आणि एक चार्जर घेतला तर कोणावरच भार येत नाही. शिवाय मुलं एकमेकांचं विमान दुरुस्त करायला शिकतात. अभ्यासाची वेळ आधी ठरवा, उडवण्याची नंतर, आणि दोन्ही पाळा.

1878 मध्ये मिल्टन राइट यांनी आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी रबराच्या ताणावर उडणारं एक खेळणं आणलं. बूच, बांबू आणि कागदाचं. ते मोडलं, तेव्हा मुलांनी तसंच दुसरं स्वतः बनवलं. त्यांची आई सुसान हिचा हात अवजारांवर चांगला बसलेला होता आणि ती मुलांसाठी वस्तू बनवायची. त्या ऑर्व्हिल आणि विल्बर यांनी 1903 मध्ये काय केलं, ते तुम्हाला माहीत आहेच. आपलं प्रत्येक मूल वैमानिक होणार नाही, व्हायलाही नको. पण मोडलेली वस्तू हातात घेऊन ती का मोडली हे शांतपणे शोधणारं माणूस प्रत्येक मुलाला होता येतं.

तेव्हा येत्या रविवारी मुलासोबत खाचरात जा. रिमोट त्याच्याच हातात राहू द्या. आणि विमान पडलं तर एवढंच विचारा, "काय झालं?" मग त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.