एका मिलिमीटरची किंमत

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट नसतो. सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट किती उंचीवर आहेत, यावरच सगळं टायमिंग ठरतं. म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की पहिला हात जातो ग्राइंडरकडे! पण थांबा, आधी थोडं गणित करू.

समजा, स्ट्रोक 34 मिमी, कनेक्टिंग रॉड 60 मिमी आणि एक्झॉस्ट पोर्ट टीडीसीनंतर 100 अंशांवर उघडतो. म्हणजे तो एकूण 160 अंश उघडा राहतो. या ठिकाणी क्रँक 1 अंश फिरला की पिस्टन सुमारे 0.28 मिमी सरकतो. त्यामुळे पोर्टची वरची कड फक्त 1 मिमी घासली, तर तो साडेतीन अंश आधी उघडतो आणि तेवढाच उशिरा बंद होतो. 160 चे झाले 167!

फायदा काय? जळलेला वायू बाहेर पडायला जास्त वेळ मिळतो आणि वरच्या आरपीएमला पॉवर वाढते. तोटा काय? पॉवर स्ट्रोक लवकर संपतो, कॉम्प्रेशन उशिरा सुरू होतं आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी होतो. मग रिकामी चेन झकास पळते, पण ओंडक्यात घातली की दम सोडते.

म्हणून आधी क्रँकला डिग्री व्हील लावून मोजा, आकडे वहीत लिहा, मगच थोडं थोडं घासा. शेवटी पोर्टच्या कडा गोलसर करा, नाहीतर रिंग अडकून तुटेल. घासलेला धातू परत चिकटवता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा!