पातळ लॅपटॉपची उष्णता आणि पंख्याचा आवाज

पातळ लॅपटॉपच्या आत हवा खेळण्यास जागा अपुरी असते. प्रोसेसरची उष्णता तांब्याची नळी धातूच्या पातळ पात्यांपर्यंत नेते आणि पंखा ती बाहेर फेकतो. पंखा लहान असल्याने त्यास वेगाने फिरावे लागते. आवाज होतो तो त्यामुळे. तापमान 100 अंश सेल्सिअसच्या जवळ गेले, की प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. ऐन परीक्षेच्या दिवसांत यंत्र मंदावण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

गादीवर ठेवल्यास लॅपटॉपच्या तळाची छिद्रे बुजतात. म्हणून तो टेबलावर अथवा लाकडी फळीवर ठेवावा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि भार टाकणारा अनावश्यक प्रोग्राम बंद करावा. तरीही फरक न पडल्यास जाणकाराकडून आतील धूळ काढून घ्यावी. तळ फुगलेला दिसल्यास मात्र यंत्र तत्काळ बंद करावे. ती बॅटरी फुगल्याची खूण असू शकते.

पालकांच्या कष्टाच्या पैशातून आलेले हे साधन नीट सांभाळले, तर ते धाकट्या भावंडांच्या शिक्षणासही उपयोगी पडते.