अबॅकॅव्हिरआधी एक रक्ततपासणी

'गोळी तीच, डोस तोच, मग त्रास मलाच का?' एचआयव्हीची औषधं घेणारे रुग्ण हे नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पुष्कळदा जनुकांत सापडतं.

त्या औषधांपैकी अबॅकॅव्हिर बहुतेकांना चांगलं मानवतं. आपल्याकडे लहान मुलांनाही ते दिलं जातं. पण एचएलए-बी ५७:०१ हा जनुकप्रकार ज्यांच्यात असतो, त्यांच्यापैकी अनेकांची प्रतिकारशक्ती या औषधावरच तुटून पडते. बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, खोकला, धाप सुरू होते आणि दर डोसागणिक वाढते. असं झालं तर पुढच्या गोळीची वेळ होण्याआधी डॉक्टरांना गाठा. या कारणासाठी अबॅकॅव्हिर एकदा बंद झालं, की पुन्हा कधीच घ्यायचं नाही. दुसऱ्या खेपेला काही तासांत रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. केसपेपरवर तशी ठळक नोंद करून घ्या.

युरोपीय वंशाच्या शंभरांपैकी पाच ते आठ जणांत हा प्रकार आढळतो, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बराच कमी. भारतात तो दुर्मीळ नाही. १९ देशांतल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी या जनुकप्रकाराची रक्ततपासणी करून अबॅकॅव्हिर दिलेल्या गटात सिद्ध झालेली अशी एकही प्रतिक्रिया आढळली नाही! म्हणून ही तपासणी आपणहून मागा. 'आमच्यात असं काही नसतं' यावर विसंबू नका. समाजाची सरासरी तुमच्या रक्ताबद्दल काही सांगत नाही.

इफाव्हिरेन्झ या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) या औषधाला निकामी करतं. झिंबाब्वेत सुमारे पाचातल्या एकाचं हे विकर जन्मतःच मंद असतं. २०१५ मध्ये तिथे हे औषध सरसकट सुरू झालं आणि अनेकांना चक्कर, भास, नैराश्याने ग्रासलं. मंद विकराची माणसं आपल्याकडेही बरीच आहेत. त्रास मनाचा कमकुवतपणा नसतो, रक्तात साचलेलं औषध असतं. तरी गोळ्या परस्पर बंद करू नका. सोबतची औषधं लवकर उतरतात, इफाव्हिरेन्झ मात्र रेंगाळतं, आणि एकट्या औषधाला विषाणू दाद देईनासा होतो. एआरटी केंद्रात सांगा, गोळी बदलून मिळते.

आता बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिर हे औषध असलेली टीएलडी गोळी मिळते. तिच्यासाठी जनुकतपासणी लागत नाही. शंका असल्यास १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.