छत्तीस फोटोंची नावे एकदम कशी बदलावी?

पावसाळ्याआधी मी दादाच्या फोनवर खापरखेड्यातल्या ३६ झाडांचे फोटो काढले. फोनने त्यांना नुसते लांब लांब आकडे दिले. कडुनिंब कोणता अन् चिंच कोणती, नावावरून काही कळेना. एकेकाचे नाव बदलायला बसले, तर सहाव्या फोटोलाच कंटाळा आला.

दादा संगणक शिकतो. तो म्हणाला, "हे काम शेलला सांगू." शेल म्हणजे टरफल. संत्र्याच्या फोडी आत आणि साल बाहेर असते ना, तसा संगणकाचा गाभा आत असतो. आपण बोलतो ते सालीशी! युनिक्सचे पहिले शेल केन थॉम्पसन यांनी अमेरिकेत लिहिले, १९७१ साली. दादाकडे बॅश नावाचे शेल आहे. ते १९८९ चे.

शेलसाठी एकाखाली एक हुकूम लिहून ठेवले की त्याला स्क्रिप्ट म्हणतात. नाव बदलायचा हुकूम एमव्ही. आम्ही लिहिले, प्रत्येक फोटोला तो काढल्याची तारीख, तास आणि मिनिट हेच नाव दे. एका क्षणात झाले. मोजले तर फोटो ३५!

चिंच आणि तिच्याजवळची बाभूळ मी एकाच मिनिटात काढली होती. दोघींचे नाव एकच झाले. मग बाभूळ चिंचेच्या जागी बसली आणि चिंच पुसली गेली. संगणकाने विचारलेसुद्धा नाही. फोनमधले फोटो मी आधीच काढून टाकले होते. आणि ती चिंच तर वादळात पडली.

मग दादाने स्क्रिप्ट बदलली. आधी सगळ्या फोटोंची दुसरीकडे नक्कल ठेवली. एमव्हीच्या आधी एको हा शब्द लावला. त्याने नाव बदलत नाही, काय बदलणार ते फक्त दिसते. आणि एमव्हीला आय जोडले की जुन्यावर नवे बसवण्याआधी तो विचारतो. नावात आता क्रमांक घातले. आपल्या वीजकेंद्रातल्या संचांनाही क्रमांकच आहेत, ५०० मेगावॅटचा तो ५ नंबरचा.

पण १, २, ३ असे लिहू नका. शेल डावीकडून एकेक अक्षर पाहतो, म्हणून १ नंतर १० येतो, २ मागे राहतो. ०१, ०२ लिहिले की रांग बरोबर लागते.

कोणत्या नंबरचे झाड कोणते, ते मी वहीत लिहिले. चिंचेला नंबर नाही. तिचे चित्र आठवून काढले आहे, ते खाली चिकटवले आहे.

— इयत्ता ४ थी