जुन्या लॅपटॉपवर लिनक्स लावताना

बाळा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तो लॅपटॉप भंगारात घालू नकोस. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंट त्यावर सुखाने चालेल, आणि तेही फुकट. फक्त एवढं ऐक.

१. आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घे आणि चारदोन फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ – न उघडलेला बॅकअप ही नुसती समजूत. आधी प्रत, मग हिंमत.

२. पेनड्राइव्ह ८ जीबीचा, रिकामा घे – रूफस या प्रोग्रामने मिंटची आयएसओ फाइल चढवताना आतलं सगळं पुसलं जातं.

३. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवड – जुन्या मशीनला तीच हलकी पडते.

४. सुरू करताना बूट मेनू उघड (डेलवर एफ१२, एचपीवर बहुधा एफ९) आणि चार दिवस पेनड्राइव्हवरूनच वापर – इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत तुझी विंडोज जागच्या जागी राहते. आधी चाखावं, मग राखावं. जरा संथ वाटेल, पण तो दोष पेनड्राइव्हचा. तिथे महत्त्वाचं काही लिहू नकोस, बंद केलं की जातं.

५. त्या दिवसांत वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपास. झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का तेही बघ. जुनं ब्रॉडकॉम वायफाय रुसलं, तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग कर – नेट आलं की ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर आणतो.

६. तारीख भलत्याच वर्षाची दिसली, तर आतला घड्याळाचा सेल (बहुधा सीआर२०३२) बदलून घे – तारीख चुकली की ब्राउझर बँकेची साइटही उघडू देत नाही, आणि लोक उगाच लिनक्सला बोल लावतात. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं, तर घाबरू नकोस – मशीनच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ धरते, लिनक्स जागतिक.

७. टॅलीवर पोट असेल, तर विंडोज काढू नकोस – टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही.

८. इन्स्टॉल करताना चार्जर लाव, आणि ‘इरेज डिस्क’ दिसलं की थांबून डिस्कचं नाव नि आकार मोठ्याने वाच.

९. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू कर – अपडेटने बिघडलं तर मागे जाता येतं. तुझे फोटो मात्र ते सांभाळत नाही.

रविवारी पेनड्राइव्ह तयार कर. वायफाय लागलं नाही, तर कार्डाचं नाव घेऊन मला फोन कर.