पिकअपचे अ‍ॅव्हरेज : कागदावरचे आणि वाटेवरचे



ऊस वर्षा-दीड वर्षातून एकदा तुटतो. पण भाजीपाला, चारा, खत, दूध यांची ने-आण रोजचीच. त्यामुळे आपल्या भागात बऱ्याच घरी ट्रॅक्टरच्या जोडीला पिकअप आलेली दिसते. कोणी घरच्या मालासाठी घेतली, तर कोणी मुलाला धंदा म्हणून कर्ज काढून दिली. गाडी घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अ‍ॅव्हरेज किती देते?" विक्रेता छापील पत्रक पुढे करतो, त्यातला आकडा आपण मनात धरतो आणि पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर बांधतो.

घोटाळा इथेच होतो. दोन-तीन महिन्यांत लक्षात येते की, डिझेल धरल्यापेक्षा जास्त लागते. मग एक तर "कंपनीने फसवले" म्हणून आपण मोकळे होतो, नाही तर ड्रायव्हरवर डिझेल विकल्याचा आळ घेतो. पहिल्याने हाती काही लागत नाही आणि दुसऱ्याने एखादा प्रामाणिक माणूस कायमचा दुखावतो. म्हणून छापील आकडा येतो कुठून, वाटेवर तो का टिकत नाही, आणि आपला खरा आकडा कसा काढायचा, हे या पाठात पाहू.

१. छापील आकडा कसा निघतो?

जाहिरातीत आकड्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार चाचणी संस्थेने हा आकडा प्रमाणित केला आहे, अशा अर्थाची. अशा चाचण्या करणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे. तिचे नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ए.आर.ए.आय.; स्थापना १९६६ ची.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका जागी उभी असते आणि तिची चाके खालच्या रोलरवर फिरतात. गाडीचे वजन आणि हवेचा विरोध यांच्या हिशेबाने त्या रोलरला अडवण लावलेली असते. ड्रायव्हरसमोर पडद्यावर वेगाची रेघ सरकते आणि त्याने गाडी बरोबर त्या रेघेप्रमाणे चालवायची. हा सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतला. त्यातली पहिली ७८० सेकंदे शहरातल्या चालीची : थांबा, सुटा, पुन्हा थांबा, आणि वेग फार तर ताशी ५० किलोमीटर. उरलेली ४०० सेकंदे मोकळ्या रस्त्याची. तिथे वेग ९० पर्यंत जातो. सगळे मिळून अंतर अकरा किलोमीटरच्या आत.

डिझेलही टाकीतून मोजत नाहीत. धुराड्यातून येणारा धूर गोळा करून तपासतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळले ते काढतात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हे पक्के ठाऊक असल्याने उलटा हिशेब बरोबर बसतो.

तेव्हा आकडा खोटा नसतो. पण तो कुठल्या परिस्थितीतला आहे ते बघा. हौद्यात माल नाही. ड्रायव्हर आणि थोडे किरकोळ वजन एवढेच धरलेले. ए.सी. बंद. घाट नाही, चिखल नाही, समोरचा वारा नाही, मार्केट यार्डाच्या गेटवरची रांग नाही. आपली पिकअप मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीतून रोज जाते.

२. हा प्रश्न आपल्याकडचाच आहे का?

नाही. पिकअपचे माहेरघर म्हणजे अमेरिका. तिथे सरकारची पर्यावरण संस्था असे आकडे जाहीर करते. गाड्यांना प्रत्यक्षात तेवढे अ‍ॅव्हरेज पडत नाही, ही ओरड तिथेही झाली. म्हणून १९८५ च्या मॉडेलांपासून चाचणीत आलेला शहराचा आकडा १० टक्क्यांनी आणि महामार्गाचा २२ टक्क्यांनी कमी करून छापू लागले. पुढे २००८ च्या मॉडेलांपासून जोराची चाल, ए.सी. आणि कडाक्याची थंडी यांच्या वेगळ्या चाचण्या हिशेबात धरल्या, तेव्हा आकडे आणखी उतरले. आणि गंमत अशी की, मालासकट एकूण वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोंच्या वर जाणाऱ्या पिकअपला तिथे असा छापील आकडा लावण्याचे बंधनच नाही. म्हणजे जी गाडी सगळ्यांत जड काम करते, तिच्या मालकाला स्वतःच्या वहीशिवाय दुसरा आधार नाही.

आपली चाचणी ज्या युरोपीय चाचणीवरून घेतली, तिची गत पाहा. युरोपातल्या मोटारगाड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा कागद आणि रस्ता यांतली तफावत २००१ साली सुमारे ९ टक्के होती. २०१५ पर्यंत ती ४० टक्क्यांच्या वर गेली. मग २०१७ पासून युरोपने ती चाचणीच बदलायला घेतली.

३. वाटेवर डिझेल कुठे जाते?

चार वाटा ध्यानात ठेवा.

पहिली, ओझे. वजन वाढले की टायर जास्त दबतात आणि गाडी ओढायला जोर जास्त लागतो. डांबरी सडकेवर हा फरक मर्यादित असतो. पण मऊ माती, चिखल, उसाच्या फडातली वाट इथे हाच विरोध कैक पटींनी वाढतो. बांधापासून सडकेपर्यंतचे एक किलोमीटर दिसायला छोटे, पण डिझेलला मोठे.

दुसरी, चढ. तीन टनांची भरलेली गाडी शंभर मीटर उंच चढवायला, इंजिनात वाया जाणारी उष्णता धरून, अंदाजे पाव लिटर डिझेल जादा लागते. खंबाटकी, कात्रज असे घाट ज्यांच्या वाटेवर आहेत त्यांनी हा खर्च वेगळा धरावा. उतारावर थोडे परत मिळते, पण सगळे नाही. ब्रेक दाबला की ते उष्णता होऊन हवेत जाते.

तिसरी, वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गेलात तर वेग वाढला सव्वापटीच्या थोडा वर, पण हवेचा विरोध झाला जवळजवळ पावणेदोन पट. त्यात केबिनच्या वर क्रेट रचलेले आणि ताडपत्री फडफडते आहे, म्हणजे विचारायलाच नको.

चौथी, उभ्या गाडीचे इंजिन. यार्डात, वजनकाट्यावर, चहाच्या टपरीवर इंजिन चालू राहिले की तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त डिझेल जाते आणि किलोमीटर शून्य.

या चारांखेरीज टायरमधली कमी हवा आणि हाफ क्लचची सवय आहेच. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. ६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साचली की गाडी जादा इंधन खर्चून काजळी जाळते. छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्याला हे वरचेवर सोसावे लागते.

४. आपल्याच मालाबद्दल दोन शब्द

पेट्रोलवर चालणारी लहान मालगाडी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे. पेट्रोलमध्ये जे इथेनॉल मिसळतात, त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. २०२५ मध्ये देशात हे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोचले. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरात ताकद सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. अ‍ॅव्हरेज तितकेच उतरेल असे मात्र नाही; ते गाडीच्या बांधणीवर आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के, तर या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के घट धरली आहे. इथेनॉल आपल्या फायद्याचे आहे, म्हणून ही गोष्ट झाकून ठेवायचे कारण नाही. उसाच्या हिशेबात जे मिळते आणि पंपावर जे जाते, दोन्ही वहीत यावे.

५. आपला आकडा आपण काढा

पद्धत सोपी आहे. नेहमीच्या पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंत टाकी भरा. मीटरचे किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरा. जितके लिटर बसले तितके मधल्या किलोमीटरांना लागले. एका भरणीवर विश्वास ठेवू नका. निदान पाच भरण्यांची बेरीज घ्या. मोठ्या मापाचे टायर घातले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवते. म्हणून एकदा सडकेवरच्या मैलाच्या दगडांशी मीटर पडताळून घ्या.

वहीत पाच रकाने आखा : तारीख, मीटर, लिटर, नेलेला माल, आणि शेरा. शेऱ्यात घाट, चिखल, रांग असे काय असेल ते लिहा. वही ड्रायव्हरनेच लिहावी आणि मालकाने आठवड्याला पाहावी. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच वही असली की संशयाला जागा राहत नाही.

आता एक उदाहरण. समजा, बाजार ६० किलोमीटरवर आहे. जाताना दीड टन माल भरलेला. गाडीने लिटरला १० किलोमीटर दिले, म्हणजे ६ लिटर गेले. येताना रिकामी, १५ दिले, म्हणजे ४ लिटर. बरेच जण १० आणि १५ यांची सरासरी साडेबारा धरतात. ते चूक. एकूण १२० किलोमीटरांना १० लिटर लागले, म्हणून अ‍ॅव्हरेज १२. किलोमीटरांची बेरीज भागिले लिटरांची बेरीज, हाच नियम.

पत्रकात १६ छापले असेल तर त्याप्रमाणे फेरीला साडेसात लिटर लागायला हवे होते. फरक अडीच लिटरचा. डिझेल हिशेबासाठी ९० रुपये धरले तर फेरीमागे २२५ रुपये, आणि वर्षाला २०० फेऱ्या केल्या तर ४५,००० रुपये. १६ च्या आकड्यावर भाडे ठरवणारा माणूस हे पैसे खिशातून घालतो. कर्जाचे हप्ते थकतात ते बहुधा अशा गळतीने. एकदम खड्डा पडत नाही.

६. शेवटचा मुद्दा : किलोमीटर नव्हे, टन मोजा

रिकामी गाडी अ‍ॅव्हरेज चांगले देते. पण रिकाम्या गाडीला भाडे कोण देतो? वरच्या फेरीत १० लिटरात दीड टन गेले, म्हणजे टनाला पावणेसात लिटरांच्या आत. तीच गाडी पाऊण टन घेऊन गेली आणि ९ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज दिसायला सुधारले, पण टनाला खर्च झाला १२ लिटर. म्हणून शेजाऱ्याचा आणि आपला माल एका फेरीत घालणे, येताना खत किंवा पेंड भरून आणणे, ही खरी बचत. सहकार म्हणतात तो हाच.

पण याचा अर्थ आर.सी. बुकातल्या वजनाच्या वर भरा असा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. ब्रेक, टायर आणि जीव यांचा धोका वेगळाच.

मग छापील आकडा निरुपयोगी का? तसेही नाही. दोन डिझेल पिकअप सारख्याच चाचणीत मोजल्या आहेत, तेव्हा कोणती घ्यावी हे ठरवताना तो कामाचा. फक्त सी.एन.जी.चा आकडा किलोला असतो आणि डिझेलचा लिटरला. त्यांची थेट तुलना करू नका, रुपयात आणून करा. गाडी निवडताना कागद पाहा. भाडे ठरवताना, हप्ता बांधताना आणि ड्रायव्हरला जाब विचारण्यापूर्वी वही पाहा.

स्वाध्याय : पुढच्या पाच भरण्या वहीत लिहा. किलोमीटर आणि लिटर यांच्या बेरजा करून आपले अ‍ॅव्हरेज काढा. मग टनाला किती लिटर लागले ते काढा. आणि आजचे भाडे त्या आकड्याला पुरते का, हे घरातल्या सर्वांनी बसून एकदा पडताळा.